ड्रायर आला तेव्हा अर्थिंग नव्हती : रत्नागिरी तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

काकूंनी जळलेला प्लग टाकून दिला नव्हता. वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून फडताळात ठेवला होता, मी आलो की दाखवायला म्हणून. १६ अँपिअरचा तीन पिनांचा प्लग. फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या, पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक आधी पिवळं, मग तपकिरी आणि पिनेच्या बुडाशी काळं पडून फुगलं होतं. न्यूट्रलच्या, म्हणजे वीज परत नेणाऱ्या, पिनेला जेमतेम डाग. मशीनचा पत्रा जमिनीशी जोडणारी अर्थची लांब, जाड पिन मात्र आत्ता दुकानातून आणल्यासारखी. "वास दोन दिवस येत होता. आम्हाला वाटलं, नवीन मशीन आहे, येत असेल," काकू म्हणाल्या.

मी परवानाधारक वायरमन आहे. रत्नागिरीच्या आसपास घरगुती वायरिंगची कामं करतो. या घरात जे जे चुकलं ते एकेक करून मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय, पण सगळं एकाच सॉकेटमागे सापडलं ते मागच्या जुलैत, इथे. आता दर पावसाळ्याला कपडे वाळवायचा ड्रायर घेणारी घरं वाढतायत, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून काढतोय.

घर जांभ्याच्या चिऱ्यांचं, पुढे-मागे पडवी, पुढची खोली स्लॅबची, मागचं सगळं कौलारू. घरात आजी, काका-काकू, मुलगा, सून आणि दोन महिन्यांचं बाळ. कोकणात पावसाळ्यात बाळाचे कपडे वाळवणं म्हणजे काय, ते इथल्या बाईलाच विचारावं. दोरीवरचं दुपटं तिसऱ्या दिवशीही गारच लागतं आणि त्याला कुबट वास धरतो. पूर्वी शेगडीत निखारे घालून वर डालगं उपडं ठेवायचं आणि त्यावर लंगोट-दुपटी पसरायची. आजींनी या बाळासाठीही अख्खा जून तेच केलं. धुराने बाळ खोकायला लागलं, तेव्हा मुलाने जुलैच्या पहिल्या आठवड्यात ड्रायर आणला. यात हौसेचा भाग नव्हता, हे आधी सांगतो, कारण "कशाला असली मशीनं घ्यायची" असं म्हणणारे गावात पुष्कळ भेटले त्यांना.

मशीन साधंच. ७ किलो कपड्यांचं, गरम दमट हवा नळीवाटे बाहेर फेकणारं. मागच्या पट्टीवर लिहिलेलं : २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, २२०० वॅट. २२०० ला २३० ने भागलं की साडेनऊ अँपिअर येतात. आकडा ऐकायला मोठा नाही. १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये साडेनऊ सहज बसतात, असंच कुणालाही वाटेल. पण मिक्सर दोन मिनिटं चालतो, इस्त्री तापली की आपोआप बंद-चालू होत राहते, आणि ड्रायर मात्र तासभर, कधी दीड तास, जवळजवळ अखंड ओढत राहतो. वायरिंगमधला जो जॉइंट पाच मिनिटांच्या भाराखाली काही बोलत नाही, तो चाळिसाव्या मिनिटाला वितळायला लागतो.

आधी काय काय झालं

मशीन घेऊन आलेल्या पोरांनी ते मागच्या पडवीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी ठेवलं. तिथे एकच सॉकेट होतं आणि त्यात वॉशिंग मशीन. मग घरातलाच एक एक्स्टेन्शन बोर्ड आणून ड्रायर चालू करून दाखवला, कपडे गरम निघाले, सगळ्यांना बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्या बोर्डाची वायर हाताला मऊ लागली. दिवे-पंख्याच्या भाराला केलेली बारीक वायर होती ती, आणि उरलेला भाग वेटोळं करून मशीनमागे कोंबलेला. वेटोळ्यात उष्णतेला बाहेर पडायला वाव नसतो. काकांनी वेळीच बंद केलं, हे नशीब.

मग गावातल्याच, लाइटची किरकोळ कामं करणाऱ्या एकाला बोलावलं. त्याने वॉशिंग मशीनच्या सॉकेटमधूनच वायर पुढे ओढून, म्हणजे लूप घेऊन, शेजारी दुसरं १६ अँपिअरचं सॉकेट बसवलं. ड्रायर त्यात लावला, आणि दुपारी सूनबाईने दार उघडायला हात लावला तर झिणझिण आली. पायात चप्पल नव्हती, शहाबादी फरशी ओली होती. त्यालाच पुन्हा बोलावलं. त्याने सॉकेट उघडलं, काहीतरी केलं, आणि झिणझिण थांबली.

दोन आठवडे सगळं शांत होतं. मग तो वास, आणि एका संध्याकाळी प्लग. तोवर कंपनीचा माणूसही येऊन गेला होता. त्याने मशीन तपासलं, "मशीन चांगलं आहे, तुमची अर्थिंग बघून घ्या," एवढं सांगून गेला. त्याचं म्हणणं बरोबर होतं. फक्त "बघून घ्या" म्हणजे नेमकं कुणी काय बघायचं, ते घरच्यांना कळलं नाही.

तपासणी

मी मशीनला हात लावण्याआधी बोर्डापासून सुरुवात केली. पुढच्या पडवीत मीटर, त्याखाली लोखंडी पेटीचा ३० अँपिअरचा मेन स्विच, आत चिनीमातीचे किटकॅट फ्यूज. मागच्या पडवीच्या लाइनचा फ्यूज काढून पाहिला तर त्यात फ्यूजची तार दुहेरी पिळलेली. कधीतरी वारंवार उडत असणार, म्हणून कुणीतरी दुहेरी केली. त्या दिवसापासून तो फ्यूज नावालाच उरला.

बोर्डापासून स्वयंपाकघरापर्यंत सुमारे १० मीटर २.५ एमएमची (म्हणजे तांब्याचा छेद २.५ चौरस मिलिमीटर) वायर होती. तिथून पुढे मागच्या पडवीपर्यंत ८ मीटर १.५ एमएमची, म्हणजे दिव्यांना वापरतात ती. दोन्हींचा जॉइंट भिंतीतल्या चौकोनी डबीत, नुसता पिळून वर टेप गुंडाळलेला. चिऱ्याच्या भिंतीत पावसाळाभर ओल असते. टेप सुटली होती आणि तांब्यावर हिरवट बुरशीसारखा थर आला होता.

आता मोजमाप. ड्रायर बंद असताना मेन बोर्डावर २१९ व्होल्ट, मागच्या सॉकेटवरही २१९. ड्रायर चालू केला : बोर्डावर २१५, सॉकेटवर २०७. म्हणजे बोर्ड ते सॉकेट या १८ मीटरमध्ये ८ व्होल्ट हरवत होते. हिशेब केला. मशीन त्या व्होल्टेजला साधारण ८.६ अँपिअर घेतं. वायरच्या जाडीप्रमाणे आणि लांबीप्रमाणे या अंतरात ३ व्होल्टच्या आसपास जायला हवेत. उरलेले ५ व्होल्ट कुठे गेले? त्या डबीतल्या जॉइंटमध्ये, लूपच्या ढिल्या स्क्रूखाली आणि प्लगच्या पिनेला नीट न चिकटणाऱ्या सॉकेटच्या पातीत. ५ व्होल्ट गुणिले ८.६ अँपिअर म्हणजे ४० वॅटच्या वर. जुन्या ४० वॅटच्या पिवळ्या बल्बला चालू असताना बोट लावून बघितलेल्या माणसाला ती उष्णता माहीत आहे. तेवढी उष्णता प्लास्टिकच्या बंद डबीत नि सॉकेटमध्ये रोज तासभर.

काकांनी विचारलं, "फ्यूजच्या ऐवजी एमसीबी असती तर वाचला असता का रे प्लग?" प्रश्न रास्त होता आणि माझं उत्तर त्यांना पटायला वेळ लागला. नसता वाचला. एमसीबी, म्हणजे आपोआप तुटणारा स्विच, लाइनमधून किती करंट जातोय ते बघते आणि तो मर्यादेपलीकडे गेला की पडते, म्हणजे लाइन बंद करते. इथे करंट ८.६ अँपिअरच होता, एकदम शहाण्यासारखा. जॉइंट तापतोय हे तिला दिसत नाही. आणि समजा, वॉशिंग मशीन गरम पाण्यावर लावलंय, म्हणजे आणखी दोन हजार वॅट, आणि त्याच वेळी ड्रायरही चालू आहे. दोन्ही मिळून १८ अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी लगेच पडेल असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात मानकाप्रमाणे ती १.१३ पटीपर्यंत, म्हणजे १८ अँपिअरपर्यंत, तासभर तरी न पडता राहायला हवी, आणि १.४५ पटीला, म्हणजे २३ अँपिअरला, तासाभरात पडायला हवी. मधल्या पट्ट्यात ती कधी पडेल ते सांगता येत नाही. तासभर १८ अँपिअर त्या १.५ एमएमच्या वायरीतून, ओल्या भिंतीतल्या पाइपातून! एमसीबी हवीच, पण तिच्या मागची वायर नि जॉइंट तिच्या लायकीचे असतील तरच तिचा उपयोग.

झिणझिण कशी थांबली होती

प्लग जळणं हे दिसणारं दुखणं होतं. मला खरी भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटत होती. झिणझिण यायची आणि मग एका भेटीत थांबली, हे काकूंनी सांगितलं तेव्हाच.

नव्या सॉकेटवर मल्टिमीटर लावला. फेज ते न्यूट्रल २१९. फेज ते अर्थ २१९. इथवर सगळं चांगलं दिसतं, आणि बरेच जण इथेच तपासणी थांबवतात. मग न्यूट्रल ते अर्थ : ०.० व्होल्ट. ड्रायर चालू केला, तरी ०.०. इथे थांबलो. खेड्यातल्या घराला खांबावरून दोन तारा येतात, अर्थ घराच्या आवारात स्वतंत्र असते. भार चालू झाला की न्यूट्रलमध्ये थोडा व्होल्टेज पडतो, आणि जमिनीच्या तुलनेत तो दिसायलाच हवा, एक, दोन, तीन व्होल्ट काहीतरी. काटेकोर शून्य म्हणजे दोन्ही पिना एकमेकींना कुठेतरी जवळच जोडलेल्या आहेत.

मेन बंद करून सॉकेट उघडलं. न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत बोटभर लांबीचा काळ्या वायरचा तुकडा. घराच्या अर्थिंगकडून येणारी वायर नव्हतीच. अर्थच्या पिनेला न्यूट्रल जोडून दिला होता.

काकांना समोर बसवून दाखवलं. अंगणात, पावसाने भिजलेल्या मातीत एक लोखंडी सळी ठोकली, तिला लांब वायर बांधून मल्टिमीटरची एक काडी तिच्याशी जोडली. तो तुकडा काढला, ड्रायर चालू केला आणि दुसरी काडी ड्रायरच्या पत्र्याला लावली. १०४ व्होल्ट. मशीन नादुरुस्त नव्हतं. अशा मशीनच्या इलेक्ट्रॉनिक भागात गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थ जोडलेली असेल तर त्यातून झिरपणारा नगण्य करंट जमिनीत निघून जातो. अर्थ नसेल तर पत्रा मध्येच, निम्म्या व्होल्टेजला तरंगत राहतो. सूनबाईला आली ती झिणझिण त्याची. ती झिणझिण म्हणजे मशीनने घातलेली हाक होती : मला अर्थ नाही.

त्या बोटभर तुकड्याने ती हाक बंद केली. पत्रा न्यूट्रलला जोडला गेला, हाताला काही लागेना, आणि सगळ्यांना वाटलं काम झालं. आता पुढचं ऐका. त्या मेन स्विचमध्ये न्यूट्रललाही किटकॅट फ्यूज होता, तोही तारेचा. तो उडाला किंवा नुसता सैल झाला असता, तर घरातला न्यूट्रल तुटला असता. फ्रीज, दिवा, काहीही चालू असलं की त्यातून फेजचा दाब त्या तुटलेल्या न्यूट्रलवर येतो, आणि तुकड्यातून थेट ड्रायरच्या पत्र्यावर. सगळे दिवे गेलेले, घरच्यांना वाटणार लाइट गेली, आणि ओल्या फरशीवर उभी असलेली कुणीतरी मशीनचं दार उघडायला जाणार. दुसरी शक्यता : वादळात तारा तुटल्या आणि पुन्हा जोडताना घराला येणाऱ्या दोन तारांची अदलाबदल झाली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे किती खांब आडवे झाले होते ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. अशी अदलाबदल झाली तर दिवे-पंखे पूर्वीसारखे चालतात, कुणाला कळतही नाही, आणि पत्र्यावर सरळ २३० व्होल्ट उभे राहतात.

काका बराच वेळ त्या तुकड्याकडे बघत राहिले. आजी आतून म्हणाल्या, "बाळाचे कपडे काढायला रोज मीच जाते रे."

ज्याने तो तुकडा घातला, त्याच्यावर मी राग काढला नाही. असं करायचं असतं, हे त्याला कुणीतरी शिकवलं होतं, आणि त्याच्या डोळ्यांसमोर झिणझिण थांबली होती. पण लिहितोय ते त्याच्यासारख्यांसाठीही : सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडणं ही दुरुस्ती नाही. कुठल्याही घरात, कुठल्याही कारणाने, कधीच नाही.

न्यू जर्सीहून आलेला फोन

त्या दिवशी संध्याकाळी काकांच्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला, ती न्यू जर्सीला असते. "दादा, आमच्याकडे ड्रायरला ३० अँपिअरचं वेगळंच सॉकेट असतं, चार भोकांचं. तुम्ही १६ चं कसं काय लावताय?" घरात एकदम चलबिचल. तिची काळजी खरी होती, फक्त देश वेगळा होता. अमेरिकेत घराला दोन फेज येतात, प्रत्येकी १२० व्होल्ट, दोन्ही मिळून २४०. तिथले विजेवरचे ड्रायर ५ किलोवॅटच्या आसपासचे, म्हणून ३० अँपिअर आणि जाड वायर. हीटर २४० वर चालतो आणि मोटर १२० वर, म्हणून न्यूट्रल वेगळा लागतो आणि अर्थ वेगळी : चार तारा. आपल्याकडचं मशीन २.२ किलोवॅटचं, सगळं २३० वर. त्याला १६ अँपिअरचं सॉकेट पुरतं. तिकडचा ड्रायर कंटेनरमधून इकडे आणायचा विचार मात्र कुणी करू नये. व्होल्टेजची रचना वेगळी, मोटर ६० हर्ट्झची, काहीच जुळत नाही.

पण तिच्या त्या चार भोकांमागची गोष्ट मला या घरात फार जवळची वाटली. अमेरिकेत ड्रायरची सॉकेटं पूर्वी तीन भोकांची असत, आणि मशीनचा पत्रा न्यूट्रललाच जोडलेला असे. दुसऱ्या महायुद्धात तांबं वाचवायचं म्हणून अशी सवलत सुरू झाली आणि पुढे तशीच राहिली. १९९६ च्या तिथल्या विद्युत संहितेने ती नव्या वायरिंगसाठी बंद केली, आणि चौथी तार, अर्थची, सक्तीची झाली. आपल्या पडवीतला बोटभर तुकडा आणि त्यांची ती तीन भोकांची पद्धत, मूळ चूक एकच. तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आमच्या जुन्या अपार्टमेंटमध्ये तेच होतं!" असू शकतं. जुन्या इमारतींत ती सॉकेटं अजून आहेत.

काम

घरामागे न्हाणीजवळ जुनी अर्थिंग होती खरी. पाइपाला बांधलेली लोखंडी तार क्लॅम्पपाशी गंजून तुटली होती, आणि ती केव्हा तुटली हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. ती जोडून भागलं नसतं, कारण पाइपही पोखरला होता. नवीन खड्डा घ्यायचा ठरवला.

जांभ्यात अर्थिंगचा खड्डा म्हणजे काय ते पहारीला विचारा. दोन फुटांवर कातळ लागला. शेवटी विहिरीच्या बाजूला, जिथे माती खोल आणि बारा महिने ओलसर आहे, तिथे जागा मिळाली, घराच्या भिंतीपासून सात-आठ फुटांवर. अडीच मीटरचा गॅल्व्हनाइज्ड पाइप उभा पुरला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी घालायला नरसाळं आणि झाकणाची चौकट. तिथून बोर्डापर्यंत अर्थची वायर अखंड, मध्ये एकही जॉइंट नाही. जमिनीत करंट जायला किती विरोध आहे ते अर्थ टेस्टरने मोजलं, जितका कमी तितकं चांगलं : ११ ओहम. काका खूश. मी त्यांना म्हटलं, हा जुलैचा आकडा आहे, जमीन पाण्याने टच्च भरलीय. खरा आकडा मे महिन्यात घेऊ. कोकणात अर्थिंग पावसाळ्यात मोजून सर्टिफिकेट देणं मला कधीच मान्य झालेलं नाही.

लोखंडी पेटी आणि किटकॅट काढून डीबी, म्हणजे सगळ्या लाइनी वाटून देणारी पेटी, बसवली. मेनला फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा डबल पोल स्विच, त्यानंतर ४० अँपिअरची आरसीसीबी, म्हणजे ३० मिलीअँपिअर करंट जमिनीत गळू लागला की पडणारा स्विच, मग प्रत्येक लाइनला स्वतंत्र एमसीबी. ड्रायरसाठी डीबीपासून थेट वेगळी लाइन : ४ एमएमची तांब्याची वायर, फेज, न्यूट्रल आणि हिरवी अर्थ, नव्या पाइपातून, १६ अँपिअरची एमसीबी. या भाराला २.५ एमएमही चाललं असतं. मी ४ चा आग्रह धरला, कारण अंतर १८ मीटर, भार तासतासभराचा, आणि पाइप कौलांखालून जातो जिथे एप्रिल-मेमध्ये भट्टी असते. वॉशिंग मशीनला दुसरी लाइन, विहिरीच्या पंपाला तिसरी. सॉकेट फरशीपासून छातीच्या उंचीवर, पाणी उडेल त्या बाजूपासून लांब, वर झाकणाचं. नवीन प्लगच्या पिना सॉकेटमध्ये घट्ट बसतात की नाही ते हाताने पाहिलं. सैल बसणारं सॉकेट नवं असलं तरी परत करावं. हे सगळं करताना काकांनी एकदा म्हटलं, "मशीन आलं एवढ्याला आणि वायरिंगला एवढा खर्च?" त्यांचं चुकलं नाही. दुकानात मशीनची किंमत सांगतात, लाइनची कुणी सांगत नाही.

मग आरसीसीबी चालू केली, आणि ती पडली. पुन्हा चढवली, पुन्हा पडली. ड्रायरचा प्लग तर लावलेलाही नव्हता. मुलगा म्हणाला, "दादा, तेवढी काढून टाका, बाकी सगळं झालंय ना." असं या टप्प्यावर कितीतरी घरांत काढून टाकतात, आणि तिथेच माझ्या मते सगळ्यात मोठी चूक होते. एकेक लाइन बंद करत गेलो. स्वयंपाकघराची लाइन तोडली की ती टिकायची. फ्रीजचं सॉकेट उघडलं. तिथेही तसाच तुकडा, बहुधा त्याच हातचा. आता खरी अर्थ जोडल्यामुळे न्यूट्रलमधला करंट त्या तुकड्यातून जमिनीत जात होता आणि आरसीसीबी तो बरोबर पकडत होती. तुकडा काढला, आरसीसीबी टिकली ती टिकलीच. आणि ती पडली नसती, तर तो दुसरा तुकडा मी शोधायला गेलोही नसतो.

भिंतीतली जुनी वायर मेगरने, म्हणजे वायरीवरच्या आवरणाचा विरोध मोजणाऱ्या यंत्राने, तपासली, ५०० व्होल्टवर. किमान १ मेगाओहम हवा, आला ०.४. ओली डबी आणि सुटलेली टेप. ती लाइन पूर्णच रद्द केली. ड्रायरचा स्वतःचा आकडा ५० च्या वर होता, मशीन ठणठणीत.

नवीन लाइनवर ड्रायर लावला. बोर्ड ते सॉकेट दरम्यान आता दीड व्होल्ट जातो. पूर्वी सूनबाईची एक तक्रार होती, कपडे लिहिलेल्या वेळात वाळत नाहीत. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते : २०७ व्होल्टला २२०० चे सुमारे १८०० वॅटच उरतात. या तुटीतला लाइनचा वाटा गेला, गावातल्या कमी व्होल्टेजचा राहिला. संध्याकाळी सगळ्यांचे पंप चालू असतात तेव्हा न लावता दुपारी लावायचं, एवढं त्यांनी ठरवलं.

कागदाचं काम थोडक्यात. बिलावर मंजूर भार १ किलोवॅट छापलेला होता आणि नुसता ड्रायरच २.२ चा. महावितरणकडे भार वाढवायचा अर्ज केला, सोबत परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट. याकडे लोक दुर्लक्ष करतात. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर आणि गावचा ट्रान्सफॉर्मर याच आकड्यांवर ठरतात, म्हणून तो खरा असावा. घरगुती जोडणीला ३० मिलीअँपिअरचं संरक्षण असावं, हे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही आहे. मी माझ्या मनाने वाढवलेलं कलम नाही ते.

हवेची नळी पडवीच्या भिंतीतून बाहेर काढली, शक्य तितकी आखूड आणि सरळ. कापसासारखी लव जाळीवर साठते, ती प्रत्येक फेरीनंतर काढायची. साठलेली लव आणि तापलेला हीटर यांचं जमत नाही.

मे महिन्यात

ठरल्याप्रमाणे यंदा मे महिन्यात पुन्हा गेलो. विहीर खाली गेलेली, जमिनीला भेगा. अर्थ टेस्टरचा आकडा २७ ओहम. काकांचा चेहरा पडला, "बिघडली का रे?" बिघडली नव्हती, कोरडी झाली होती. पण याच आकड्यावर तो हिशेब करून दाखवला, जो खरं तर प्रत्येक घराने एकदा करावा. समजा, हीटर फुटला आणि फेज पत्र्याला लागली. २३० भागिले २७ म्हणजे साडेआठ अँपिअर जमिनीत जातील. १६ अँपिअरच्या एमसीबीला हा नेहमीचा भार वाटेल, ती पडणारच नाही, आणि पत्रा तसाच जिवंत राहील. आरसीसीबीला मात्र ०.०३ अँपिअर पुरतात, ती क्षणात तोडेल. अर्थिंग आणि आरसीसीबी, दोन्ही लागतात. एकीवर भागत नाही.

पहिल्या पाइपापासून चांगल्या अंतरावर विहिरीच्या पलीकडच्या अंगाला दुसरा पाइप पुरून पहिल्याला जोडला. आकडा १५ वर आला. नरसाळ्यात उन्हाळ्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी घालायचं काम मुलाने घेतलं.

आरसीसीबीवरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं, ते आजींनी आपल्याकडे घेतलंय. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दर महिन्याच्या एक तारखेला पेन्सिलीने फुली आहे. ऑगस्टपासून मेपर्यंतच्या दहाही फुल्या मी मोजल्या.